अडीच सूत

गेल्या पावसाळ्यात आमच्या नाशिकच्या घरी एक काठी वाकली. काठी वाकली तर त्यावर लेख कसला लिहायचा, असं तुम्ही म्हणाल. आईही तेच म्हणाली. पण ही काठी म्हणजे माझ्या पूल खेळायच्या क्यूचा पुढचा निम्मा भाग होता. त्याला शाफ्ट म्हणतात. मागचा जाड, नक्षीदार, मुठीत धरायचा भाग म्हणजे बट. दोन्ही मधोमध पेचाने जोडले की ५८ इंचांचा क्यू तयार होतो. हा क्यू भाच्याने न्यू जर्सीहून आणला होता आणि देताना म्हणाला होता, "मामा, कॅनडाचं मेपल आहे. जपा." मी जपलाही. जोडूनच, गॅलरीच्या दारामागे, भिंतीला टेकवून. तिथे तो आईला सापडला.

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दांड्या छताला टांगलेल्या आहेत. ओली चादर तिथवर पोचवायला काठी लागते. आधीच्या बांबूच्या काठीला कुसळं निघाली होती आणि त्यात साड्यांना फास लागत. अशा वेळी आईच्या हाताला जवळजवळ पाच फुटांची, गुळगुळीत, निमुळती काठी लागली. टोकाला चामड्याची टिकली, त्यामुळे कपडा घसरत नाही. मागे भरीव मूठ. "हल्ली काठ्या चांगल्या निघाल्यात," असं तिने शेजारच्या काकूंना सांगितल्याचं मला नंतर कळलं. जून ते सप्टेंबर, चार महिने, त्या काठीने आमच्या घरच्या यच्चयावत चादरी उचलल्या. काम झालं की ओल्या टॉवेलासकट ती पुन्हा दाराला टेकून उभी.

मी पूल खेळतो हेच मुळात आईला पटलेलं नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने विचारलं होतं, "होळकर पुलावर? तिथे एवढ्या गर्दीत काय खेळता?" पोहण्याचा पूल नाही, नदीवरचा नाही, तिसराच आहे, हे समजावेपर्यंत तिची मालिका सुरू झाली.

तर दर गुरुवारी आम्ही चौघे कॉलेज रोडच्या एका पार्लरमध्ये जमतो. एक वकीलसाहेब, एक डॉक्टर, एक दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार आणि मी. चौघांच्या वयाची बेरीज दोनशेच्या पुढे. आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक संघाची सहल आल्यासारखं बघतात. ऑक्टोबरच्या एका गुरुवारी मी लागोपाठ सहा सोपे बॉल चुकवले, तेव्हा तिथल्या मार्करने, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या माणसाने, काही न बोलता माझ्या क्यूचा शाफ्ट सोडवला, टेबलावर आडवा ठेवला आणि बोटाने ढकलला. शाफ्ट लंगडत लंगडत गेला.

"साहेब," मार्कर म्हणाला, "हा क्यू नाही, केळं आहे."

खरं सांगतो, मला इतका आनंद पगारवाढीनेही झाला नव्हता. दोन वर्षं मी का हरतोय याचं उत्तर मिळालं होतं! वाक जेमतेम चार महिन्यांचा होता, पण मी तो दोन वर्षांच्या पराभवांना पूर्वलक्षी प्रभावाने लागू केला आणि सगळी थकबाकी एकदम उचलली.

मित्रांनी आपापल्या धंद्याप्रमाणे सल्ला दिला. वकीलसाहेब म्हणाले, "दावा भक्कम आहे, पण प्रतिवादी मातोश्री आहेत. तडजोड करा." डॉक्टर म्हणाले, "वजन बांधून ट्रॅक्शन देऊ." बागायतदार म्हणाले, "आमच्या बागेत लाकडी डांब कधीच गेले, सगळीकडे लोखंडी अँगल. तुम्हीपण अँगल टाका." घर फिरलं की वासे फिरतात, असं आपल्याकडे म्हणतात. इथे घर जागच्या जागी होतं, वासा तेवढा एकटाच फिरला होता. वाफेवर धरून बघितला, गादीखाली ठेवून झोपलो, पंख्याच्या हुकाला पाच किलो गव्हाच्या पिशवीसह टांगला. दोन दिवस सरळ राहायचा, तिसऱ्या दिवशी मूळ स्वभावावर यायचा. नवा शाफ्ट घेणं आलं.

भाच्याला फोन लावला. त्याने विचारलं, "मामा, तुमचं पाच-सोळांश-अठरा आहे की तीन-अष्टमांश-दहा?"

मी म्हणालो, "मागच्या महिन्यात एकशे चाळीस-नव्वद होतं."

तो पेचाबद्दल विचारत होता. बटाच्या तोंडाशी जी पिन असते तिची जाडी आणि तिच्यावर इंचाला किती आटे, हे जुळल्याशिवाय दुसऱ्याचा शाफ्ट आपल्या बटावर चढत नाही. पत्रिकेत छत्तीस गुण बघतात, त्यातले अठरा जुळले तरी मांडव पडतो. इथे अठराच्या अठरा जुळावे लागतात. भाच्याने मग दुसरा मार्ग सुचवला, कार्बन फायबरचा शाफ्ट. "वाकत नाही, फुगत नाही, पावसाला भीत नाही. चांगला हवा तर पाचशे डॉलरच्या आसपास."

स्पीकरवर हे ऐकत बसलेली आई म्हणाली, "मग तीच मागव. कपड्यांना बरी पडेल."

लाकडीच घ्यायचा हे त्याच क्षणी ठरलं.

पण लाकूड निवडायचं कसं? आमच्या पिढीला लाकडाचं ज्ञान विटीदांडूपुरतं. तेव्हा जुन्या नाशकात वाड्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी शाफ्ट डोळ्याला लावला, दुसरा डोळा मिटला आणि बंदूक रोखावी तसा माझ्यावर रोखला.

"कुठलं लाकूड?"

"मेपल. कॅनडाकडचं."

"थंडी असेल तिकडे. म्हणून रेघ बघा किती बारीक. झाड सावकाश वाढलंय."

मग त्यांनी पाऊण तास शिकवणी घेतली. रेघ जोडाकडून टोकाकडे सलग गेली पाहिजे. मध्येच कडेला निघून गेली की समजायचं, लाकूड तिथून दगा देणार. गाठ तर बघायचीच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाकूड नीट सुकवलेलं हवं, कारण झाड तोडलं तरी पाणी प्यायचं सोडत नाही. पावसाळ्यात पितं, उन्हाळ्यात टाकतं. लांबीत फरक पडत नाही, पडतो तो जाडीत. एक बाजू जास्त प्यायली की ती फुगते आणि काठी दुसऱ्या बाजूला कलते. नाशिकला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे द्राक्षाचं सगळंच पिकतं, त्यामुळे एकीकडे जास्त झाली की दुसरीकडे कलणारे सगळ्यांच्याच ओळखीचे असतात.

"सागाचा करता येईल?" मी विचारलं.

"साग दाराचा राजा. पण एवढी बारीक काठी करून तिच्यावर रोज धक्के मारले तर झेलणार नाही. धक्क्याला बाभूळ. दांडू करा, गाडीचं चाक करा."

"मग बाभळीचा?"

"सरळ बाभूळ तुम्ही कधी बघितलीय?"

मी विषय बदलला आणि माझ्याकडची माहिती दिली, की मेपलच्या याच जातीच्या खोडाला भोक पाडून तिकडे रस काढतात आणि सुमारे चाळीस लिटर रस आटवला की लिटरभर गोड पाक होतो.

"म्हणजे काकवीच की," मिस्त्री म्हणाले. "काकवी देणारं झाड तोडून काठी केली आणि तुम्ही ती चादरीखाली घातली." त्यांनी शाफ्ट परत दिला. तो हातात घेताना मला एखाद्या गायीची माफी मागावीशी वाटली.

खरेदीसाठी मुंबई गाठायची होती. वकीलसाहेबांची हायकोर्टात तारीख होती, म्हणून दोघे पंचवटी एक्स्प्रेसने निघालो. नाशिकरोडच्या फलाटावर गाडीची वाट बघताना वकीलसाहेबांनी एक सिद्धांत मांडला. त्यांचे सगळे सिद्धांत गाडी उशिरा असली की सुचतात.

"हे रूळ उलट्या दिशेने कुठे जातात?"

"मनमाड, भुसावळ."

"पुढे जबलपूर. १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता हा मार्ग पुरा झाला आणि पाचच वर्षांनी, १८७५ च्या पावसाळ्यात, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने स्नूकर काढलं. तो पुढचा छत्रीवाला पंतप्रधान नव्हे, हा वेगळा. बाहेर पाऊस, आत कंटाळा. ब्लॅक पूल नावाचा खेळ चालू होता, त्यात याने आणखी रंगांचे बॉल घातले. स्नूकर या शब्दाचा अर्थ माहितीय? इंग्लंडमध्ये वुलिचच्या अकादमीत तोफखान्याचे अधिकारी तयार व्हायचे. तिथल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना स्नूकर म्हणत. नवशिके. एकाने सोपा बॉल चुकवला तेव्हा चेंबरलेन त्याला स्नूकर म्हणाला, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाला, की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. खेळाला तेच नाव पडलं."

"म्हणजे खेळाचं नावच नवशिके?"

"हो. आता याच रुळावर मुंबईकडे पहिलं स्टेशन कुठलं? देवळाली. गोऱ्या शिपायांची मायदेशी जायची छावणी. बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि त्यांची डोकी फिरायची. म्हणून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलॅली' म्हणतात. मूळ शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप."

"देवळालीचा ताप!"

"अगदी. एकाच लोहमार्गाने इंग्रजीला दोन शब्द दिले. जबलपूरने नवशिकेपणाचा आणि देवळालीने वेडेपणाचा. आणि या दोन्हींचा संगम आज काठी आणायला मुंबईला निघालाय."

मी अभिमानाने विचारलं, "आणि पुण्याने काय दिलं?"

"विल्सन जोन्स. जन्म पुण्याचा, १९२२ चा. १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन पुन्हा. पंकज अडवाणीचाही जन्म पुण्याचाच, १९८५ चा. म्हणजे जबलपूरने खेळ दिला, पुण्याने जगज्जेते दिले."

"आणि आपण?"

"आपण ताप दिला," वकीलसाहेब म्हणाले आणि गाडी आली.

मुंबईच्या दुकानदाराने माझ्यासमोर आधी स्नूकरचे क्यू मांडले. ते ॲश नावाच्या लाकडाचे. त्याची रेघ ठळक असते आणि निमुळत्या काठीवर तिचे बाणाच्या टोकासारखे आकार उमटतात. दिसायला फार देखणे, पण टोक जेमतेम साडेनऊ-दहा मिलिमीटरचं. स्नूकरचा बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा, पूलचा सत्तावन्नचा आणि चांगला जड. त्यासाठी टोकही जाड लागतं, साधारण बारा-तेरा मिलिमीटर. शेवटी मेपलचे सात शाफ्ट बाहेर निघाले.

मी मिस्त्रींचं नाव घेऊन सुरुवात केली. पहिला शाफ्ट डोळ्याला लावला. दुकानातला पोऱ्या बाजूला झाला. दुसऱ्याची रेघ मध्येच कडेला पळत होती. तिसरा काउंटरच्या काचेवर लोळवला. शाफ्ट निमुळता असल्यामुळे काच आणि लाकूड यांच्यामध्ये फट राहतेच, त्या फटीतला उजेड स्थिर राहतो की नाचतो एवढंच बघायचं असतं. नाचला. मग शाफ्ट दोन बोटांत सैल धरून बोटाच्या पेरानं ठोकायचा. घट्ट, सरळ रेघेचं लाकूड खणखणीत बोलतं, भुसभुशीत लाकूड भदभदतं. माठ घेताना, नारळ घेताना आणि कलिंगड घेताना आपण हेच करतो. फरक एवढाच, की कलिंगडवाला आपल्याकडे बघून हसत नाही.

दुकानदाराने मध्येच लॅमिनेटेड शाफ्ट दाखवला. पोळीचे त्रिकोणी तुकडे करावेत तशा लाकडाच्या लांब पट्ट्या गोलात चिकटवतात आणि मग लेथवर उतरवतात. प्रत्येक पट्टीची रेघ वेगळ्या दिशेला, त्यामुळे एकीला वाकायचं असलं तरी बाकीच्या वाकू देत नाहीत. हे ऐकून मला आमच्या सोसायटीची कमिटी आठवली. तिथेही कुणी कुणाला काही करू देत नाही आणि त्यामुळे इमारत उभी आहे. १९९० च्या दशकात प्रीडेटर नावाच्या अमेरिकन कंपनीने असा शाफ्ट आणला, तोही पुढून हलका केलेला. कारण असं, की पांढऱ्या बॉलला मधोमध न मारता डावीकडे मारलं, म्हणजे साइड लावली, की बॉल जरासा उजवीकडे सरकून निघतो. शाफ्टचं टोक जितकं हलकं तितकं हे सरकणं कमी.

"तुम्ही साइड लावता का?" दुकानदाराने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. मी मधोमध मारायला जातो, साइड आपोआप लागते.

"मग साधाच घ्या," तो म्हणाला. "तेरा मिलिमीटर. जाड टोक जरा सांभाळून घेतं."

चौथा घेतला. रेघ सलग, आवाज खणखणीत, वजन ११० ग्रॅमच्या आसपास. त्याच्यावर मध्यभागी एक तपकिरी ठिपका होता. मेपलमध्ये असे ठिपके असतात, सरळपणाशी त्यांचा काही संबंध नसतो. पण गोऱ्या अंगावर तीळ म्हणून दुकानदाराने भाव आपणहून खाली आणला. माणसांच्या बाबतीत जे आपण वर्षानुवर्षं केलं, ते लाकडाच्याही नशिबी आलेलं बघून वाईट वाटलं. पैसे वाचले म्हणून लगेच बरंही वाटलं.

एकच भानगड होती. दुकानातल्या तयार शाफ्टना तीन-अष्टमांशच्या पिनेचा जोड होता, माझी पिन पाच-सोळांशाची. म्हणून हा चौथा शाफ्ट मुळात जोडाशिवायचा, कोरा घेतला होता. जोड बसवायला अंबडच्या एमआयडीसीतला लेथ गाठला. तिथल्या काकांनी पिनेवर बोट फिरवलं, मोजपट्टीला हातही न लावता म्हणाले, "अडीच सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच-सोळांश म्हणजे बरोबर अडीच सूत. न्यू जर्सीहून आलेलं ते ब्लडप्रेशर अंबडमध्ये इतक्या सोप्या मराठीत उतरेल असं वाटलं नव्हतं. पण हाताखालच्या पोराने घाईघाईत एम-आठचा नट आणून लावला. पिनेची जाडी ७.९४ मिलिमीटर, नटाची आठ. डोळ्याला फरक दिसत नाही. नट दीड फेरा ऐटीत चढला आणि अडून बसला. कारण माझ्या पिनेचे आटे १.४१ मिलिमीटरवर, त्याचे सव्वावर. नवीन जावयासारखं झालं. पहिले दोन दिवस सगळं गोड, मग आटा लागतो.

काकांनी खालचा खण उघडला आणि तेलकट फडक्यातून आटे पाडायचा एक जुना टॅप काढला. "व्हिटवर्थ," ते म्हणाले, जणू घरातल्या आजोबांचं नाव घ्यावं. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये आट्यांची मापं ठरवून दिली. अडीच सुताला इंचात अठरा आटे. अमेरिकेनेही पुढे अठराच ठेवले, फक्त आट्याचा कोन बदलला. इंग्रजाचा पंचावन्न अंश, अमेरिकेचा साठ.

"म्हणजे पाच अंशांचा फरक पडेल," मी काळजीने म्हणालो.

"तीस वर्षं झाली लग्नाला," काका म्हणाले. "पाच अंशांचं काय घेऊन बसलात? तेलाचा थेंब सोडा. बसतं."

पितळेची बुशिंग लेथवर उतरली. भांडी बाजाराच्या गावात पितळेला तोटा नाही. आतून अठरा आटे पडले, बुशिंग शाफ्टच्या बुडात चिकटली, जोडाची कड बटाच्या मापाला घासून एकजीव झाली. मी शाफ्ट पिनेवर फिरवला. शेवटचे दोन फेरे जरा कुरकुरले आणि जोड बंद झाला. कॅनडाचं लाकूड, अमेरिकेची पिन, इंग्रजाचे आटे आणि नाशिकचं पितळ. सूत जुळलं.

गुरुवारी मी पार्लरमध्ये जरा लवकरच गेलो. मार्करने शाफ्ट लोळवला. तो टेबलावरून असा गेला, की दुसऱ्या टोकाला वकीलसाहेबांनी पकडला नसता तर गंगापूर रोडला लागला असता. "आता काही बघायला नको," मार्कर म्हणाला. सगळे बाजूला उभे राहिले. कोपऱ्याच्या खिशापासून वीतभर अंतरावर पिवळा बॉल होता. मी वाकलो, श्वास रोखला आणि मारला.

पिवळा बॉल खिशाच्या कडेला आपटला आणि माझ्याकडे परत आला.

कोणी बोललं नाही. याआधी मी बॉल चुकवला की चौघे मिळून चर्चा करायचो. चामडं झिजलंय, खडू ओला आहे, शाफ्ट वाकलाय. त्या चर्चेवर अर्धा तास आणि दोन चहा सहज जायचे. आज डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. बागायतदारांनी हवामानाचा विषय काढला. जुना शाफ्ट किती परोपकारी होता हे मला तेव्हा कळलं. चार महिने तो घरी आमच्या चादरी उचलत होता आणि इथे माझी अब्रू. पुढचे पाच बॉलही मी चुकवले, आणि ते सगळे माझे मीच चुकवले.

घरी आलो तर जुना शाफ्ट गॅलरीत होता. बट माझ्याकडे परत आल्यामुळे आईने त्याला मागे बांबूचं नळकांडं जोडलं होतं. ती खूश होती. वाकामुळे आता चादर टोकावरून सरकत नव्हती. "आधीपेक्षा बरी झाली बघ," ती म्हणाली.

रात्रभर विचार केला. शाफ्ट सरळ, चामडं नवं, खडू कोरडा. मग राहिलं काय? सकाळी उठून मिस्त्रींकडे गेलो. ते एका जुन्या चौकटीवर रंधा मारत होते.

"मिस्त्री, तुमच्याकडे लेव्हल आहे का? एक दिवसासाठी हवी होती."

"आहे ना. काय बघायचंय?"

"आम्ही खेळतो ते टेबल. मला वाटतं ते एका बाजूला जरा कललंय."

मिस्त्रींनी रंधा थांबवला, फुंकर मारून भुसा उडवला आणि लेव्हल माझ्या हातात दिली.

"घेऊन जा," ते म्हणाले. "अंगण मोजून झालं की परत आणा."